शरदातला दर्या : काय धरावे आणि कुठे धरावे

पावसाळ्याचा गढूळ दर्या शांत होऊ लागला, सकाळी जमिनीवरून गार वारा सुटू लागला, की वसईपासून उत्तन, मढ, वेसाव्यापर्यंतच्या आमच्या कोळीवाड्यांत एकच प्रश्न घरोघरी विचारला जातो : यंदा म्हावरं कुठे आहे? शेतकऱ्याला मृगाच्या पावसाचे जे महत्त्व, तेच आमच्या कोळी बांधवांना आश्विन-कार्तिकाचे. वर्षाची भाकर याच दोन-तीन महिन्यांत मिळवावयाची असते. मुलीचे लग्न, मुलाची फी, बोटीचे कर्ज आणि घराचे छप्पर या साऱ्यांचा हिशेब शरदाच्या समुद्रावर मांडलेला असतो. या प्रश्नाचे उत्तर आमच्या पूर्वजांनी कसे शोधले आणि आज ते का अवघड झाले आहे, याचा थोडा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा आमचा विचार आहे.

आरंभी समुद्राचीच ओळख करून घेऊ. खंभातच्या आखातापासून मुंबईपर्यंतचा आपला किनारा इतर किनाऱ्यांसारखा नाही. येथे समुद्राचा तळ दूरवर उथळ व चिखलाचा आहे आणि भरती-ओहोटीचा ओघ अत्यंत जोरकस आहे. नर्मदा, तापी, वैतरणा, उल्हास या नद्या पावसाळ्यात जो गाळ समुद्रात आणून टाकतात, त्यावर सूक्ष्म जीव पोसले जातात, त्यांवर जवळा वाढतो आणि जवळ्याच्या मागे बोंबील येतो. पाऊस थांबल्यावर ही सारी साखळी भरास येते. सप्टेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत बोंबलाचा मुख्य हंगाम असतो, याचे कारण हेच. हा मासा भारताच्या साऱ्या किनाऱ्यावर सारखा सापडत नाही. पश्चिमेकडे गुजरात व उत्तर कोकण आणि पूर्वेकडे बंगालचा किनारा, ही त्याची मुख्य घरे. शास्त्रज्ञांनी त्याला जे नाव दिले आहे, तेही १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवर लिहिलेल्या ग्रंथातून आले आहे.

परंतु आमच्या लोकांना तो ग्रंथाची वाट न पाहता ठाऊक होता. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७३ साली मुंबईत आला, तेव्हा माझगाव हे मासेमारीचे मोठे गाव असून ते बोंबलासाठी विशेष प्रसिद्ध आहे आणि हा मासा गरिबांचा आधार आहे, अशी नोंद त्याने करून ठेवली. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आहे. श्रीमंतांच्या पानात पापलेट व सुरमई गेली असेल. पण बोंबलाने या बेटांवरील गरिबांना जगविले, ही गोष्ट एका परक्या माणसाच्याही ध्यानात आली.

बोंबील ज्या जाळ्यात सापडतो त्या डोलीकडे आता वळू. डोल म्हणजे एक अवाढव्य पिशवी. तिचे तोंड रुंद आणि शेपटीकडे ती निमुळती होत जाते. तोंडाशी जाळ्याचे आस मोठे, तर शेवटी अगदी बारीक. ही पिशवी ओढत न्यावयाची नसते. समुद्राच्या तळात लाकडी कव ठोकतात आणि तिला दोरखंडाने डोलीचे तोंड प्रवाहासमोर बांधतात. पाण्याचा ओघ मासळीला आपोआप आत लोटतो. पाणी फिरावयाच्या वेळी, म्हणजे भरती संपून ओहोटी लागण्याच्या त्या थोड्या शांत घटकेत, डोल उचलावी लागते. नंतर ती उलट प्रवाहासाठी पुन्हा लावता येते. येथे माणसाने धावावयाचे नसते. दर्या धावतो, माणसाने योग्य जागी योग्य वेळी उभे राहावयाचे असते.

यावरून ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ या दोन प्रश्नांना डोलकराच्या जीवनात किती मोल आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईल. ‘केव्हा’चे उत्तर चंद्राने दिले. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, प्रवाह जोराचा असतो, डोल भरते. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी मंदावते, डोल लोंबकळत राहते. ते दिवस जाळी दुरुस्त करण्याचे आणि विश्रांतीचे. भरतीची वेळ काढण्याची आमच्या किनाऱ्यावरील रीतही मोठी सुबक आहे. तिथीच्या अंकाला पाऊण तासाने गुणावे आणि ती बेरीज बारा वाजल्यापासून मोजावी. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. त्या दिवशी सुमारे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सुमारे सहा वाजता. शाळेचे तोंड न पाहिलेले आमचे तांडेल हा हिशेब बोटांवर करीत, आणि पंचांग हिंदूंचे की ख्रिस्ती लोकांचे असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. रविवारच्या मिस्साला हजर राहणारा नाखवा तिथी विचारूनच समुद्रात जात असे.

‘कुठे’चे उत्तर डोंगरांनी दिले. होडीतून मागे वळून पाहावयाचे. तुंगारचा डोंगर अमुक खुणेच्या अमुक बाजूस दिसला, की आपली जागा आली. दोरीला वजन बांधून किती वाव पाणी आहे ते पाहावयाचे आणि वजनाला लागून वर आलेला चिखल बोटांत चोळून तळ ओळखावयाचा. ही विद्या बापाकडून मुलाकडे जात असे. कोणत्या जागी कोणाची कव, हेही गावाच्या स्मरणात असे व तंटा उद्भवल्यास तो जमातीच्या पंचांपुढे मिटविला जात असे.

केवळ बोंबीलच शरदात सापडतो असे नाही. सातपाटी, वडराई या बाजूचे आमचे बंधू दालदा, म्हणजे पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे जाळे, लावून पापलेट धरतात. पावसाळ्यानंतरचे पहिले महिने त्यांच्याही कमाईचे. घोळ, दाढा व रावस यांच्यासाठी त्याहून मोठ्या आसाची जाळी लागतात. घोळीच्या पोटातील बोताला परदेशात मोठी किंमत येते, म्हणून एखादी घोळ सापडली तरी घरात सण होतो. दक्षिणेकडे मालवण व गोव्याच्या किनाऱ्यावर याच दिवसांत रापण ओढली जाते व बांगडा आणि तारली वाळूवर येतात. खाडीत बोय व चिंबोरी असते. प्रत्येक जागेला तिचे जाळे आणि प्रत्येक जाळ्याला त्याचा मासा, अशी ही जुनी वाटणी होती. तिच्यात कोणी कोणाचे ताट ओढीत नव्हते.

आता थोडे आमच्या ख्रिस्ती इतिहासाकडे पाहू. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना दिला आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकून घेईपर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, येथे त्यांची सत्ता होती. या काळात किनाऱ्यावरील अनेक कोळी कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. वांद्र्याचे संत आंद्रिया यांचे मंदिर १५७५ साली येशूसंघीयांनी उभारले, ते समुद्राच्या अगदी काठावर. धर्म बदलला, परंतु दर्या बदलला नाही, जाळे बदलले नाही, हंगामही बदलला नाही. उलट नव्या धर्माने जुन्या कामाला एक नवा अर्थ दिला. शुक्रवारी व उपवासकाळात मांस वर्ज्य असे, मासळी चालत असे. शरदात धरलेला व ऑक्टोबरच्या उन्हात दोऱ्यांवर वाळविलेला बोंबील फेब्रुवारी-मार्चच्या उपवासकाळापर्यंत टिकत असे आणि त्यातून जे उरे ते पावसाळ्यात, समुद्र बंद असताना, घराला पुरत असे. बोंबील वाळविणे, निवडणे, डोक्यावरून बाजारात नेणे हे सारे स्त्रियांचे काम. पुरुषाने दर्यातून आणावे आणि स्त्रीने त्याचे पैशात रूपांतर करावे, म्हणूनच कोळी घरात किल्ल्या स्त्रीच्या कमरेला राहिल्या.

वांद्र्याच्या मोतमाउलीची कथा वाचकांस ठाऊक आहेच. अठराव्या शतकात पवित्र मरियेची मूर्ती समुद्रात तरंगताना एका कोळ्याला सापडली व त्याला तसे आधी स्वप्न पडले होते, अशी परंपरा सांगते. आजचे मंदिर १९०४ सालचे आहे. ती कथा इतिहासाच्या कसोटीला लावण्याचा आमचा हेतू नाही. परंतु आमच्या माउलीची जत्रा ८ सप्टेंबरनंतर, नेमकी शरदाच्या तोंडावर भरते आणि पावसाळ्यानंतर दर्यात उतरणारा कोळी आधी तिच्या पायथ्याशी मेणबत्ती लावतो, यातील भाव समजून घेण्यास पुराव्याची गरज नाही.

हे चित्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने बदलले. शिडाच्या जागी इंजिन आले, सुताच्या जाळ्यांच्या जागी नायलॉन आले, बर्फ आला, सहकारी संस्था आल्या. आमच्या लोकांच्या घरी दोन पैसे आले, मुले शिकली. त्याबद्दल आम्ही परमेश्वराचे ऋणी आहोत. परंतु इंजिनाने ‘कुठे’ या प्रश्नाच्या मर्यादा मोडल्या. पूर्वी शीड जेवढे नेईल तेवढाच आपला समुद्र होता. आता वसई-उत्तनचा डोलकर उत्तरेकडे डहाणूच्या बाजूस जाऊन कव ठोकू लागला. जेथे कव तेथे दालदा सोडता येत नाही, कारण वाहते जाळे कवींत अडकून फाटते. मग सातपाटी-डहाणूचे बंधू आणि आमचे बंधू यांच्यात जो तंटा सुरू झाला, तो अनेक वर्षे धुमसत राहिला आहे. एकाच किनाऱ्यावरची माणसे एकाच माशासाठी एकमेकांसमोर उभी ठाकली, हे पाहून आम्हांस फार वेदना होतात. यात दोष केवळ पलीकडच्यांचा आहे, असे आमच्या वेदीवरून आम्हांस म्हणता येणार नाही.

त्यातच ट्रॉलर व पर्ससीन आले. महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन कायदा केला. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी बंदीचा काळ ६१ दिवसांचा झाला. २०१६ साली राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले व तिला सप्टेंबर ते डिसेंबर हे चार महिने ठरवून दिले. म्हणजे तीही नेमकी शरदातच आली. २०२३ साली चंदेरी पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित करण्यात आले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरविण्यात आला. चंदेरी पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असता धरू नये, असा नियम झाला. कायदे चांगले आहेत. परंतु डोलीच्या शेपटीचा आस बारीक असतो. त्यात बोंबलाबरोबर पापलेटची अंगठ्याएवढी पिले येतात, हे आमच्या घरातील प्रत्येकाला माहीत आहे. ती पिले बाजारात कवडीमोलाने विकली जातात. पुढच्या वर्षी तीच वाढून दालद्यात सापडली असती.

आकाशही पूर्वीचे राहिलेले नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ कोकणावर आले, तेव्हा हंगाम भरात होता आणि अनेक बोटी परत आल्या नाहीत. २०१९ साली ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार व महा ही दोन वादळे लागोपाठ अरबी समुद्रात उठली. बोटी किनाऱ्याला बांधून ठेवाव्या लागल्या व दोऱ्यांवरचा बोंबील अवकाळी पावसात कुजून गेला. २०२४ साली वाढवण बंदराची पायाभरणी झाली, तेव्हापासून त्या बाजूच्या मासेमारांच्या मनात आपल्या जागांविषयी चिंता आहे. ‘काय धरावे, कुठे धरावे’ हा जुना प्रश्न आता ‘धरावयास काही उरेल का’ असा झाला आहे.

काही वर्षांपूर्वी एका वृद्ध तांडेलांच्या आजारपणात आम्ही पवित्र कम्युनियन घेऊन त्यांच्या घरी गेलो होतो. बोलता बोलता ते म्हणाले, “फादर, आमच्या बाबांच्या वेळी भांग लागला की आम्ही घरी बसायचो. आता कोणी बसत नाही. माशाला पण कधीतरी घरी बसायला मिळायला पाहिजे ना?” या वाक्यात आम्हांस एका पूर्ण परंपरेचे सार सापडले. भांगाचे दिवस, पावसाळ्याचे महिने, सणाचे दिवस आणि रविवार हे सारे मिळून आमच्या पूर्वजांनी समुद्राला विसावा दिला होता. त्यांनी त्याला विज्ञान म्हटले नाही. त्यांनी त्याला रीत म्हटले.

शुभवर्तमानात पेत्र व त्याचे सोबती रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हाती परतले आणि प्रभूने त्यांना तारवाच्या उजव्या बाजूस जाळे टाकावयास सांगितले, हा प्रसंग आमच्या प्रत्येक कोळ्याला पाठ आहे. संत योहानाने त्यात १५३ मासे मोजले. आम्ही सेमिनरीत असताना या आकड्याचे अनेक गूढार्थ ऐकले. परंतु कोळीवाड्यात इतकी वर्षे राहिल्यावर आम्हांस त्यातील एक साधी गोष्ट अधिक जाणवते : ते मासे मोठे होते आणि जाळे फाटले नाही. मोठे मासे आणि न फाटलेले जाळे, याहून अधिक शरदाच्या दर्याकडे आपण काय मागावे?

आमची वाचकांस, विशेषतः तरुण नाखव्यांस, एवढीच विनंती आहे. आपल्या घरात जे वृद्ध तांडेल अजून आहेत त्यांच्याजवळ या हंगामात एक संध्याकाळ बसावे. कोणत्या तिथीला कोणते पाणी, कोणत्या डोंगराच्या खुणेवर कोणती जागा, हे लिहून घ्यावे. डोलीच्या शेपटीचा आस थोडा मोठा करावा. आणि सातपाटीच्या बंधूंशी बोलावयास आपण आधी जावे, त्यांनी येण्याची वाट पाहू नये. कवींचा प्रश्न न्यायालयात किंवा समुद्रावर सुटण्यापूर्वी एका ओसरीवर बसून सुटावा, ही आमची प्रार्थना आहे. तशी बैठक जमल्यास आमच्या धर्मग्रामाची ओसरी सर्वांसाठी उघडी आहे.