बटाट्याच्या डोक्याची बाहुली

१९०५ सालच्या नाताळात लहानग्या मारियाने बाहुली मागितली. तिचे वडील माक्स क्रूझे हे जर्मन शिल्पकार. दुकानांतील चिनी मातीच्या बाहुल्या त्यांना थंड व निर्जीव वाटत. विकत घेण्यापेक्षा घरीच करावी, असे त्यांनी मुलीच्या आईला कळविले. आई केटे ही पूर्वाश्रमीची नटी. ती त्या वेळी मुलीसह स्वित्झर्लंडमधील आस्कोना गावी राहत होती. तिने टॉवेलात वाळू भरली, कोपऱ्यांना गाठी मारून हातपाय केले, डोक्याच्या जागी बटाटा बांधला आणि जळक्या काडीने नाकडोळे रेखिले. मारिया हरखून गेली.

ती बाहुली टिकली नाही. केटेबाईंचा ध्यास मात्र टिकला. सपाट कापडाला बालकाच्या मस्तकाची गोलाई देणे हे खरे कठीण काम. त्यासाठी त्यांनी डोक्यास मागील बाजूने तीन शिवणी घातल्या, अंगात रेनडिअरचे केस ठासून भरले आणि चेहरा तैलरंगांनी हाताने रंगविला. १९१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात त्या बाहुल्या गाजल्या. १९११ साली अमेरिकेतून दीडशे बाहुल्यांची मागणी आली, तेव्हा राहते घरच कारखाना झाले. १९१२ साली बाड क्योझेन येथे स्वतंत्र कार्यशाळा निघाली.

यशामागोमाग नकलाही आल्या. बिंग या बड्या कारखान्याविरुद्ध केटेबाई न्यायालयात गेल्या आणि १९२५ साली त्यांनी दावा जिंकला. शिवलेले खेळणे ही कलाकृती असून तिच्यावर करणारीचा हक्क असतो, हे त्या निकालाने मान्य झाले. घरोघरी चिंध्यांच्या बाहुल्या शिवणाऱ्या असंख्य निनावी हातांचाही त्यात गौरव झाला.