चेहरा गप्प, हात बोलका

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात चार्ल्स डार्विन एकदा पफ ॲडर या विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेजवळ तोंड नेऊन उभा राहिला. साप अंगावर आला तरी जागचे हलायचे नाही, असा त्याने मनाशी पक्का निश्चय केला होता. साप झेपावला मात्र, आणि तो निश्चय कुठल्या कुठे गेला! डार्विन यार्ड-दोन यार्ड मागे उडाला. भावनांच्या आविष्कारावरील आपल्या १८७२ सालच्या ग्रंथात त्याने ही फजिती स्वतःच नोंदवून ठेवली आहे. त्याच ग्रंथात त्याने असेही म्हटले आहे, की माणूस भावना दाबू पाहतो तेव्हा ज्या स्नायूंवर इच्छाशक्तीचा ताबा सर्वांत कमी, ते स्नायू तरीही थोडेफार हलतात आणि आतली गोष्ट बाहेर पडते.

याच काळात अमेरिकेत, डार्विनचे नावही न ऐकलेली माणसे रोज रात्री हेच निरीक्षण करीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीवरील आगबोटींमधून पोकर हा पत्त्यांचा खेळ पसरला होता. आपल्याकडे तीन पत्ती ठाऊक असलेल्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको. आपली पाने झाकलेली, दुसऱ्याची झाकलेली. पैज वाढवत न्यायची. आणि बाकीच्यांनी माघार घेतली तर पाने न दाखवताच डाव जिंकायचा. म्हणजे हलकी पाने असूनही हूल देऊन जिंकता येते, फक्त ती हूल चेहऱ्यावर उमटता कामा नये. निर्विकार चेहऱ्याला इंग्रजीत ‘पोकर फेस’ म्हणतात तो इथूनच आला. (पैसे लावून खेळावे असे सुचवण्याचा येथे मुळीच हेतू नाही. पण संभाव्यतेचे गणितही पास्काल आणि फर्मा यांच्या १६५४ सालच्या, जुगारातील कोड्यांवरच्या पत्रव्यवहारातून वाढले. पत्त्यांचे टेबल विज्ञानाला परके नाही.)

हात थरथरतो, तोंडाला कोरड पडते, तळवे घामेजतात. हे का होते याचे उत्तर हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने शोधले. त्याचे १९१५ सालचे पुस्तक शिक्षकांनी अवश्य चाळावे, कारण त्यातला एक प्रयोग चक्क परीक्षेवरचा आहे. वैद्यकाच्या नऊ विद्यार्थ्यांची लघवी अवघड परीक्षेच्या आधी व नंतर तपासली. आधी कोणाच्याही लघवीत साखर नव्हती. परीक्षेनंतर चौघांच्या लघवीत ती आली. पुढे हार्वर्डच्या फुटबॉल संघातील २५ जणांची चुरशीच्या सामन्यानंतर तपासणी झाली. बाराजणांत साखर आढळली, आणि त्यांतले पाचजण तर राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते, नुसते बाकावर बसून होते!

कॅननचे स्पष्टीकरण असे. धोक्याची चाहूल लागताच अनुकंपी चेतासंस्था जागी होते, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनॅलिन रक्तात सोडतात, यकृतातून साखर बाहेर पडते, हृदय जोरात धडधडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात. शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. पत्त्यांच्या टेबलाशी लढायचेही नसते आणि पळायचेही नसते, पण ग्रंथींना ते कोण सांगणार?

इथे एक मुद्दा नीट लक्षात घ्यायला हवा. ॲड्रिनॅलिन फक्त ‘खळबळ आहे’ एवढेच सांगते. ती भीतीची, आनंदाची की अपराधाची, हे सांगत नाही. पोकरच्या खेळाडूंना हे अनुभवाने कळले होते. अंगाच्या अशा चहाडीला ते ‘टेल’ म्हणतात. माइक कॅरो या खेळाडूने १९८४ साली अशा चहाड्यांचे छायाचित्रांसह एक पुस्तकच काढले. पैज लावताना समोरच्याचा हात एकाएकी थरथरू लागला, तर नवशिक्याला वाटते की हा हूल देतोय. कॅरो बजावतो, बहुधा उलटे असते. हूल देणारा श्वास रोखून ताठ बसतो. उत्तम पाने आलेल्याचा ताण एकदम सैल होतो आणि हात कापतो. हे खेळाडूचे निरीक्षण आहे, प्रयोगशाळेतला निष्कर्ष नव्हे. पण कॅननच्या राखीव खेळाडूंशी ते चांगले जुळते.

आपण वर्गात मात्र नवशिक्यासारखेच वागतो. माझ्या वर्गात एकदा एक कंपासपेटी हरवली तेव्हा घामाघूम झालेल्या एका मुलावर माझा संशय गेला. पेटी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बाकाखाली सापडली. त्या मुलाच्या नजरेला नजर देणे मला बरेच दिवस जमले नाही. संशयाच्या भीतीलाच अपराधाची खूण मानण्याच्या या चुकीला पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली शेक्सपियरच्या ऑथेल्लोचे नाव दिले. नुसते पाहून-ऐकून खोटे ओळखण्याबाबतच्या दोनशेहून अधिक संशोधनांचा आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोकांचे अंदाज सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरले. नाणे उडवले तरी ५० टक्के मिळतात.

मग चेहरा दाबून धरला तर? जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी १९९३ साली विद्यार्थ्यांना एक किळसवाणी चित्रफीत दाखवली आणि काहींना भावना अजिबात दिसू न देण्यास सांगितले. चेहरे पुष्कळसे शांत राहिले. पण त्वचेवरील घामाच्या प्रतिक्रिया वाढल्या, पापण्याही जास्त लवू लागल्या. म्हणजे झाकण घट्ट बसवले तरी आतली वाफ काही कमी होत नाही.

वेगळी वाट जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवली. प्रवेशपरीक्षेच्या सरावाआधी काही विद्यार्थ्यांना एवढेच सांगितले, की छातीतली धडधड वाईट नसते, ती कामगिरीला मदतही करू शकते. गणितात या गटाला जास्त गुण मिळाले. त्यांच्या अंगातली खळबळ काही कमी झालेली नव्हती.

पोकरचा चेहरा खरोखर किती बोलतो, हे मायकेल स्लेपियन यांच्या गटाने २०१३ साली तपासले. २००९ च्या जागतिक स्पर्धेतील व्यावसायिक खेळाडू चिप्स पुढे सरकवतानाच्या दीड-दोन सेकंदांच्या फिती त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवल्या. कोणाची पाने चांगली, ते ओळखायचे होते. नुसता चेहरा पाहणाऱ्यांचे अंदाज नाणेफेकीपेक्षाही वाईट निघाले! नुसते हात पाहणाऱ्यांचे त्याहून चांगले ठरले. फरक मोठा नव्हता, पण होता. चांगली पाने असलेल्याचा हात सफाईने सरकतो, एवढीच ती खूण. चेहरा फसवायला शिकलेली ही मंडळी हाताला शिकवायची विसरली होती.

म्हणून आता जाणते खेळाडू पाने कशीही असोत, तेवढाच वेळ घेऊन, त्याच रीतीने चिप्स सरकवण्याचा सराव करतात. काळे चष्मे आणि डोक्यावरून ओढलेल्या टोप्या ही त्यामानाने जुनी युक्ती.

गणितज्ञांना यातले काहीच लागले नव्हते. जॉन फॉन न्यूमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ सालच्या ग्रंथात पोकरचे विश्लेषण आहे. हूल ही लबाडी नसून उत्तम खेळाचा हिशेबी भाग आहे, असे त्यातून दिसते. चेहऱ्याचा प्रश्नच तेथे येत नाही. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या संगणक-प्रणालीने चार नामवंत खेळाडूंशी वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून त्यांना हरवले. ती हूलही देत होती. समोरच्या चौघांचे हात थरथरत होते की नाही, हे पाहण्याची सोय तिच्यात नव्हती.