केवढा होता दायमाबादचा रथ? छायाचित्रातील मोजपट्टीचा इतिहास

१/ दायमाबादच्या कांस्यरथाचे छायाचित्र बहुतेक इतिहासप्रेमींनी पाहिलेले असते. जुंपलेली बैलजोडी, लांब दांडी आणि मागे ताठ उभा असलेला सारथी. पण एक साधा प्रश्न विचारून पाहा : हा रथ केवढा? वीतभर, हातभर, की माणसाला खरोखर उभे राहता येईल एवढा? निव्वळ चित्र पाहून याचे उत्तर देता येत नाही. आजचा धागा छायाचित्राच्या या मौनाविषयी आणि त्यावर अभ्यासकांनी शोधलेल्या तोडग्याविषयी.

२/ आधी उत्तर. दायमाबाद हे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या तीरावर वसलेले प्राचीन स्थळ. तिथला रथ ४५ सेंमी लांब आणि १६ सेंमी रुंद आहे. सारथ्याची उंची १६ सेंमी. त्याच्यासोबत मिळालेला रेडा ३१ सेंमी उंच, हत्ती २५ सेंमी, तर गेंडा १९ सेंमी उंच आहे. थोडक्यात, रथ एका मध्यम पाटावर मावेल एवढा. मात्र चारही वस्तूंचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक भरते. हा भरीवपणाही छायाचित्रात दिसत नाही.

३/ छायाचित्र आकार दाखवते, आकारमान दाखवत नाही. यामागे साधी भूमिती आहे. एक मीटर अंतरावरचा १६ सेंमीचा सारथी आणि दहा मीटर अंतरावरचा १६० सेंमीचा माणूस कॅमेऱ्याच्या भिंगाशी सारखाच कोन करतात. काचेवर, फिल्मवर किंवा पडद्यावर दोघांची उंची तंतोतंत सारखी उमटते. प्रत्यक्ष पाहताना आपले दोन डोळे, हालचाल आणि भोवतालच्या ओळखीच्या वस्तू अंतराचा अंदाज देतात. कोऱ्या पार्श्वभूमीवर टिपलेल्या वस्तूजवळ यांपैकी काहीच उरत नाही.

४/ याने काय बिघडते? बरेच काही. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील सिनौली येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला दफनांसोबत दोन चाकी वाहनांचे अवशेष मिळाले. ती वाहने माणसाने प्रत्यक्ष वापरावीत अशा आकाराची आहेत. ‘रथ म्हणावे की गाडा’ हा वाद तिथे आहेच. पण सिनौली आणि दायमाबादची चित्रे एकाच चौकटीत शेजारी लावली, की एक वाहन आणि एक हातभर प्रतिमा एकाच मापाच्या भासू लागतात. वाहनाविषयीचे निष्कर्ष मग प्रतिमेला चिकटतात. चुकीची सुरुवात युक्तिवादात नव्हे, चौकटीत होते.

५/ ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात जड कॅमेरे आणि काचेच्या पट्ट्या घेऊन देवळे, लेणी, किल्ले टिपणाऱ्यांनी एक सोपा उपाय अंगीकारला : वास्तूजवळ माणूस उभा करायचा. माणसाची उंची प्रत्येक पाहणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून तो चालती-बोलती मोजपट्टी. अट एकच, काच उजळेपर्यंत त्याने हलायचे नाही. हलला तर तो धूसर होई आणि त्याच्याबरोबर मापही.

६/ या उपायाचा उपयोग समजायला याच जिल्ह्यात जन्मलेली एक वस्तू पुरेशी आहे : मलिक-ए-मैदान तोफ. १५४९ मध्ये निजामशाहीच्या राजधानीत, अहमदनगरात, मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ती ओतली. पुढे ती विजापूरला गेली आणि आजही तिथल्या बुरुजावर आहे. तिच्या तोंडाशी हत्तीला गिळणाऱ्या श्वापदाचा जबडा कोरलेला आहे. नुसत्या तोफेचे जवळून घेतलेले चित्र पाहिले, तर ती एखादी नक्षीदार, पण सामान्य आकाराची तोफ वाटावी.

७/ प्रत्यक्षात तिची लांबी सुमारे साडेचार मीटर, तोंडाचा बाहेरील व्यास सुमारे दीड मीटर आणि वजन सुमारे ५५ टन मानले जाते. नळीचे तोंडच सुमारे ७० सेंमी रुंद, म्हणजे माणूस आत अंग चोरून बसू शकेल एवढे. तोफेच्या तोंडाशी माणूस दिसला, की कोणत्याही आकड्याशिवाय हे सारे क्षणात उमगते. दायमाबादचा रथ डोळ्यांना मोठा भासतो, तर मलिक-ए-मैदान लहान. फसवणूक दोन्ही दिशांनी होते.

८/ पश्चिम भारतातील वास्तूंच्या नोंदींत हेन्री कझिन्स यांचे काम मोठे आहे. दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील त्यांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रतनवाडीचे अमृतेश्वर, पेडगावचे लक्ष्मीनारायण अशी या जिल्ह्यातील देवळेही आहेत. त्या पिढीच्या सर्वेक्षणचित्रांत खांबाजवळ, पायरीवर किंवा दारात एखादा माणूस उभा असलेला वारंवार दिसतो. वास्तूचे नाव, गाव, तालुका नोंदलेला असतो. त्या माणसाचे नाव सहसा नसते. त्याची उंची तेवढी कामाची होती.

९/ याच काळात मापाची काठी उलटीही फिरली. १८६९ मध्ये लंडनमध्ये जॉन लॅम्प्रे याने रेशमी दोऱ्यांनी दोन-दोन इंचांचे चौकोन आखलेली चौकट सुचवली. तिच्यापुढे माणसाला उभे करून छायाचित्र घ्यायचे, म्हणजे त्याच्या शरीराची मापे काढता येतील. १८९० च्या दशकात अंदमानात मॉरिस पोर्टमन यानेही चौकटींच्या पडद्यापुढे तिथल्या आदिवासींची छायाचित्रे घेतली. देवळाशेजारी माणूस मोजपट्टी होता. इथे माणूसच मोजायची वस्तू झाला.

१०/ म्हणून मोजपट्टी निरागस असते असे समजू नये. ती चौकटीत काय अभ्यासवस्तू आहे, हे ठरवते. वंशांची वर्गवारी करू पाहणाऱ्या त्या शास्त्राचा पाया पुढे ढासळला. चित्रे मात्र उरली. आज ती पाहताना चौकोन मोजण्याऐवजी समोरच्या माणसाचा चेहरा पाहणे आणि त्याची संमती कोणी विचारली होती का, असा प्रश्न करणे, हे अधिक इतिहासाला धरून आहे.

११/ पुरातत्त्वात माणसाच्या जागी आखीव गज रुळत गेला. माणसाची उंची अंदाजाने कळते, गजाची नेमकी ठाऊक असते. भारतात या शिस्तीला मोठी चालना मॉर्टिमर व्हीलर यांच्यामुळे मिळाली. १९४४ मध्ये ते सर्वेक्षणाचे महासंचालक झाले आणि त्याच वर्षी तक्षशिलेला त्यांनी प्रशिक्षणवर्ग भरवला. स्वच्छ तासलेली खड्ड्याची भिंत, स्पष्ट दिसणारे थर आणि चित्रात मोजपट्टी हा उत्खननाच्या छायाचित्रणाचा पाठ झाला. ह. धी. सांकलिया यांनी तर १९३० च्या दशकात इंग्लंडमध्येच व्हीलर यांच्या उत्खननात काम केले होते.

१२/ सांकलिया पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि प्रवरेचे खोरे महाराष्ट्राच्या आद्य इतिहासाची प्रयोगशाळाच बनले. १९५०-५१ मध्ये संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. रंगीत मडक्यांसोबत तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आणि गावाच्या नावावरून एका संस्कृतीला नाव मिळाले. १९५४ पासून नेवाशाचे उत्खनन सुरू झाले. त्याचा जाडजूड अहवाल १९६० मध्ये आला.

१३/ अशा अहवालांतील छायाचित्रे वाचताना मोजपट्टी किती बोलते, पाहा. जोर्वे संस्कृतीचे लोक लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरत. आता शेजारच्या पुणे जिल्ह्यातील इनामगावचे एक दफन घ्या. तिथे चार पायांच्या मोठ्या रांजणात प्रौढ पुरुष बसलेल्या स्थितीत पुरलेला आढळला. मापाविना दोन्ही चित्रांत केवळ ‘मातीचे भांडे’ दिसते. मापासह एका चित्रात मूल दिसते, दुसऱ्यात समाजातील कोणी विशेष व्यक्ती असावी असा तर्क उभा राहतो.

१४/ मोजपट्टी नुसती ठेवून भागत नाही, तिची जागा अचूक हवी. ती वस्तूच्याच पातळीत असावी. समजा पट्टी कॅमेऱ्यापासून १ मीटरवर आहे आणि वस्तू १.२५ मीटरवर, तर त्या पट्टीने मोजलेली वस्तू खऱ्यापेक्षा २० टक्क्यांनी लहान भरेल. पट्टी चौकटीच्या कडेला समांतर असावी, तिरपी पडलेली नसावी. उंच वस्तूला उभा गज लागतो, पसरट वस्तूला आडवा. खोल खड्ड्यात दोन्ही. काळ्या-पांढऱ्या किंवा लाल-पांढऱ्या पट्ट्या दुरूनही मोजता याव्यात म्हणून असतात.

१५/ आणखी एक सावधगिरी. भारतात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा, आणि ती १९५८ पासून टप्प्याटप्प्याने रूढ झाली. त्याआधीच्या छायाचित्रांतील गज फुटांचा असू शकतो. एक पट्टा म्हणजे एक फूट की वीस सेंमी, हे चित्राखालच्या ओळीत शोधावे. आकड्यांचेही तसेच. दायमाबादच्या हत्तीखालची चाके हरवलेली आहेत, रेड्याची शाबूत आहेत. दोघांच्या उंचीची तुलना करण्याआधी माप कुठून कुठपर्यंत घेतले, हे विचारायलाच हवे.

१६/ आता दायमाबादच्या मूळ प्रश्नाकडे. हे स्थळ बी. पी. बोपर्डीकर यांनी १९५८ मध्ये उजेडात आणले. १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे, १९७४-७५ मध्ये एस. आर. राव आणि १९७५ ते १९७९ या काळात श. अ. साळी यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनने झाली. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असे पाच सांस्कृतिक टप्पे उलगडले. पण चार कांस्यप्रतिमा यांपैकी कोणत्याही आखीव खड्ड्यात सापडल्या नाहीत. १९७४ मध्ये एका स्थानिक भिल्ल शेतकऱ्याला त्या जमीन खणताना मिळाल्या.

१७/ त्यामुळे त्या ज्या थरात होत्या, त्या थरासह, शेजारी गज ठेवून घेतलेले मूळ जागेचे छायाचित्र असणे शक्यच नव्हते. अभ्यासकांच्या हाती येण्याआधीच त्या जमिनीबाहेर आल्या होत्या. इथून वाद सुरू झाला. राव आणि साळी यांनी त्या उत्तर हडप्पा काळाशी जोडल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणाकडे बोट दाखवले : यात आर्सेनिक एक टक्क्याहून अधिक आहे, इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत तसे मिश्रण आढळत नाही, म्हणून त्या पुढच्या ऐतिहासिक काळातील असाव्यात.

१८/ यात त्या शेतकऱ्याला दोष नाही. त्याच्या कुदळीविना हा ठेवा कदाचित आजही मातीतच असता. मुद्दा एवढाच की खड्ड्यातील मोजपट्टी केवळ ‘वस्तू केवढी’ हे सांगत नाही. वस्तू कुठे, किती खोल, कशाच्या शेजारी होती, हेही ती बांधून ठेवते. ही गाठ एकदा सुटली की वस्तू कितीही सुंदर असो, तिचा काळ ठरवायला प्रयोगशाळा आणि शैली यांवरच भिस्त राहते, आणि विद्वानांत एकमत होत नाही.

१९/ आज हीच गाठ आपण रोज सोडतो. अहवालातील चित्र उचलायचे, खालची पट्टी ‘दिसायला बरी नाही’ म्हणून कापायची, वस्तू मधोमध आणायची आणि पुढे पाठवायची. कापलेला तो दोन बोटांचा तुकडा चित्रातील सर्वांत प्रामाणिक भाग असतो. निदान त्याचे माप तरी मजकुरात लिहावे : ‘दायमाबाद, कांस्यरथ, लांबी ४५ सेंमी’. एवढ्या एका ओळीने असंख्य गैरसमज टळतील.

२०/ शेवटी आपल्या हातातले काम. नगर जिल्ह्यातील अनेक गावांत मारुतीच्या पारावर, देवळाच्या ओट्याला टेकून वीरगळ उभे आहेत. पुढच्या वेळी त्यांचे छायाचित्र घ्याल, तेव्हा शेजारी, दगडाच्याच पातळीत, साधी शालेय पट्टी धरा. नाण्यावर विसंबू नका : एक रुपयाचे १९९२ च्या मालिकेतील नाणे २५ मिमी व्यासाचे होते, २०११ च्या मालिकेतील सुमारे २२ मिमी. एक चित्र पट्टीसह घ्या, एक पट्टीविना. दगडावर खडू, तेल, रंग लावू नका.

२१/ गावाचे नाव, दिशा आणि तारीख लिहून ठेवा. आणि पट्टी धरायला गावातील कोणी मदत केली, तर त्यांना विचारून त्यांचेही नाव लिहा. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या छायाचित्रांत जे राहून गेले, ते आपल्याला सहज करता येण्यासारखे आहे. तो वीरगळ उद्या रस्तारुंदीकरणात हलला, फुटला किंवा शेंदराखाली गेला, तर त्याची उंची सांगणारे तुमचे छायाचित्र कदाचित एकमेव असेल.