लांब मानेचे कोडे

1841 साली इंग्लंडच्या रिचर्ड ओवेन यांनी काही अवाढव्य हाडांना ‘सेटिओसॉरस’, म्हणजे देवमाशासारखा सरडा, असे नाव दिले. हा समुद्रातला प्राणी, असा त्यांचा समज. पुढे भक्कम पायांची हाडे सापडली. तरीही एवढे धूड जमिनीवर पेलणार कसे, या शंकेने चित्रकार या शाकाहारी डायनोसॉरांना तळ्यात उभे करीत राहिले. मान म्हणजे जणू श्वासाची नळी! 1951 मध्ये केरमॅक यांनी दाखवून दिले की, इतक्या खोल पाण्याचा दाब छातीवर असता श्वास आत ओढताच येणार नाही.

मग मान कशासाठी? उंचावरचा पाला मिळावा म्हणून, हे उत्तर चटकन सुचते. पण मान किती उंच जाई, यावर एकमत नाही. कित्येक टनांचे अंग हलवणे मात्र महागाचे काम. एका जागी उभे राहून मान फिरवली की वर, खाली, बाजूला चाराच चारा.

ती पेलली कशी? हे प्राणी चावत बसत नसत, ओरबाडून गिळत. म्हणून जबडा आणि डोके लहान, आणि मानेचे मणके हवेच्या पोकळ्यांनी हलके. चीनमधल्या एका मामेन्चीसॉरसची मान 2023 च्या अभ्यासात सुमारे 15 मीटर निघाली; जिराफाची जेमतेम 2 मीटर.

अशा मणक्यांच्या पोकळ्या हॅरी सीली यांनी 1870 मध्येच ओळखल्या होत्या. पुरावा हातात होता. तरी प्राणी आणखी ऐंशी वर्षे पाण्यातच राहिला.