ताक्यावरची लक्ष्मी

आमच्या बार्शीच्या घरात आजीच्या देवघरात एक तसबीर होती. कमळात उभी लक्ष्मी, दोन्ही बाजूंना हत्ती, भोवती सोनेरी वेलबुट्टी. समईच्या काजळीने वरचा कोपरा काळवंडला होता. आजी गेल्यानंतर काही वर्षांनी काच फुटली. चौकट नवी करावी म्हणून मी चित्र बाहेर काढले, तेव्हा मागच्या बाजूला वाळलेल्या गोंदाचा थर दिसला आणि त्यात अडकलेले चार-पाच पांढरे सुताचे धागे. चौकटीच्या लाकडाखाली लपलेली कडाही मोकळी झाली होती. तिच्यावर बारीक रोमन अक्षरे होती आणि त्यांतला शेवटचा शब्द होता मँचेस्टर.

ज्या घरात ही लक्ष्मी पुजली गेली, त्याच घरातले माझे आजोबा १९३० साली बाजारपेठेत परदेशी कापडाच्या दुकानापुढे निरोधन करीत बसले होते. ती गोष्ट आमच्याकडे दर पंधरा ऑगस्टला सांगितली जाई. तसबिरीची गोष्ट कोणी कधी सांगितली नाही. गेली बारा-तेरा वर्षे बँकेची नोकरी सांभाळून मी या तिकिटांच्या मागे लागलो आहे, त्याचे कारण हे एवढेच.

‘तिकीट’ हा त्या धंद्यातला शब्द. कुठे त्याला ‘टिका’ म्हणत, कुठे ‘छाप’. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या प्रत्येक ताक्यावर बाहेरच्या घडीला एक रंगीत चित्र डकवलेले असे. हे काम गिरणीचे नव्हते, निर्यात करणाऱ्या पेढीचे होते. पेढी कोरे कापड विकत घेई, धुवून, घड्या घालून, निळ्या शाईचे शिक्के मारून घेई आणि शेवटी आपले तिकीट लावून गासड्या बांधी. तिकिटे छापणारे कारखाने मँचेस्टरमध्येच उभे राहिले. शिळाछापाच्या पद्धतीत प्रत्येक रंगाला वेगळा दगड. सोनेरी वर्खाचे काम वेगळे आणि काही तिकिटांवर आकृती उठावदार करण्यासाठी आणखी एक दाब. काही आण्यांच्या कापडासाठी एवढा खटाटोप कशाला, असे आपल्याला वाटेल. पण कापड काही आण्यांचे असले तरी गासड्या जहाजे भरून येत होत्या. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर तर मुंबई मँचेस्टरच्या आणखीच जवळ आली.

चित्रे कशाची? गणपती, कृष्ण, हनुमान, वाघ, मोर, आगगाडी, राणी व्हिक्टोरिया, पंखा घेतलेली नायिका. ज्या चित्रकाराने हिंदुस्थान पाहिलाच नाही त्याने काढलेले देव कधीकधी मोठे गमतीदार निघत. आमच्या लक्ष्मीचे गाल एखाद्या इंग्रज मडमेसारखे लालबुंद आहेत आणि दोन्ही हत्तींचे कान खांद्याखाली उतरलेले, म्हणजे हत्ती आफ्रिकेचे. आजीने हे पन्नास वर्षांत कधी पाहिले नसेल असे मला वाटत नाही. तिला त्याने काही फरक पडत नव्हता.

या तिकिटांबद्दल दोन प्रकारचे लेखन वाचायला मिळते. एक कौतुकाचे: काय रंग, काय कलाकुसर! दुसरे चिडीचे: साहेबाने आमचे देव विकायला काढले आणि आमच्या अडाणी बायाबापड्या भुलल्या. मी स्वतः बराच काळ दुसऱ्या पंगतीत बसलो होतो. आजोबांचा नातू म्हटल्यावर दुसरीकडे कुठे बसणार? पण व्यापाराच्या बाजूने हा विषय वाचत गेलो, तसा ‘भुलल्या’ हा शब्द मला खटकू लागला.

त्यासाठी खळीची गोष्ट सांगावी लागेल. विणताना ताण्याचे सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. ती आपल्या साळ्या-कोष्ट्यांनाही ठाऊक होती. लँकेशायरमध्ये खळीला पिठाबरोबर चिनी मातीची जोड मिळाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापसाचे भाव आभाळाला भिडले आणि कापूस कमी, खळ जास्त असा हिशेब सुरू झाला. युद्ध संपले तरी सवय संपली नाही. काही हलक्या मालात कापसाच्या वजनाइतकी किंवा त्याहूनही अधिक खळ असे. असे कापड दुकानात हाताला भरीव लागे, वजनदार वाटे, घरी आणून एकदा धुतले की माती पाण्यात आणि हातात जाळीदार फडके. बोटीच्या तळाशी दमट हवेत त्या पिठाला बुरशीही धरे. तिच्या तक्रारी इथल्या व्यापाऱ्यांनी मँचेस्टरपर्यंत पोचवल्या होत्या. म्हणजे मजा पाहा, कोळसा आणि वाफ खर्चून इंग्लंडमधली माती आपल्याकडे येत होती आणि आपण ती वाराच्या भावाने घेत होतो.

आता बार्शीच्या बाजारात कापड घ्यायला आलेल्या बाईचा विचार करा. तिला वाचता येत नाही. ताका उलगडून धुऊन दाखवा, असे तिला दुकानदाराला म्हणता येत नाही. तिच्यापाशी एकच साधन आहे, ते म्हणजे मागच्या खेपेची आठवण. मोर छापाचे लुगडे दोन पावसाळे टिकले, वाघ छापाचे पहिल्याच धुण्यात विरले. मग ती मोर मागते. यात भुलणे कुठे आले? अक्षरे येत नसलेल्या माणसाने बाजार वाचण्याची काढलेली ही एक रीत होती. आणि ती किती पक्की होती हे व्यापाऱ्यांच्या वागण्यावरून कळते. मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटात ठरावीक छाप आणि ठरावीक नंबर ठरावीक दुकानदारांच्या नावाने ओळखले जात. चित्रात मोराची मान डावीकडे होती ती उजवीकडे केली, तरी गिऱ्हाईक ताका मागे सरकवी. म्हणून पेढ्या एकच तिकीट वर्षानुवर्षे जपत, नवे काढायला धजत नसत.

जिथे चित्राला एवढी किंमत, तिथे नकला आल्याच. इंग्लंडमध्ये १८७५च्या कायद्याने व्यापारचिन्हांची नोंदणी सुरू झाली, तेव्हा सुती मालाच्या चिन्हांचा असा ढीग पडला की ती निवडायला मँचेस्टरमध्ये जाणकारांची वेगळी समिती बसवावी लागली. इथे १८८९च्या कायद्याने ताक्यावर लांबी वारांत छापणे बंधनकारक केले. चांगली गोष्ट, पण ते आकडे इंग्रजी. कायदा ज्या गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठी होता, त्यातल्या बहुतेकांना ते वाचता येत नव्हते. त्यांची भिस्त मोरावरच राहिली.

सूतही असेच विकले जाई. स्कॉटलंडमध्ये लेव्हन नदीच्या खोऱ्यात पक्क्या लाल रंगाचे सूत आणि कापड रंगवण्याचे मोठे कारखाने होते. १८९८ मध्ये त्यांतले प्रमुख एकत्र येऊन त्यांची एक कंपनी झाली. त्यांच्या मालाच्या मोठ्या बाजारपेठांत मुंबई होती. सुताच्या गठ्ठ्यांवरही देवादिकांची तिकिटे असत. आपला हातमागवाला ते सूत घेऊन देशी लुगडे विणी. त्या लुगड्याला स्वदेशी म्हणायचे की विलायती, हा वाद पुढे किती रंगला असेल याची कल्पना करता येते.

राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, तेव्हा भागीदार होते गोवर्धनदास खटाव मखनजी, म्हणजे कापड-गिरणीच्या घराण्यातले. हा योगायोग मला फारसा योगायोग वाटत नाही. देवाचे रंगीत चित्र घरोघर जाऊ शकते, हे कापडवाल्यांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक होते? १८९९ मध्ये छापखाना मळवलीला गेला, पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला आणि मग तिथे लेबलेही छापली जाऊ लागली. रविवर्म्याची लक्ष्मी आणि सरस्वती मालाच्या वेष्टनांवर विराजमान झाल्या. उलट दिशेनेही रहदारी होती. लोक रविवर्म्याची चित्रे विकत घेऊन त्यांतल्या देवीला खऱ्या कापडाचे तुकडे, जर आणि टिकल्या चिकटवून सजवीत. एकीकडे कापडावर देवी, दुसरीकडे देवीवर कापड! १९७२ मध्ये मळवलीच्या छापखान्याला आग लागली आणि पुष्कळ ठेवा जळून गेला.

आगीवरून होळीकडे यावे लागते. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात सावरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी परदेशी कपड्यांची होळी केली. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला गांधीजींच्या उपस्थितीत मोठी होळी झाली. रवींद्रनाथ आणि अँड्र्यूज यांना ती पटली नव्हती, अँड्र्यूज यांनी गांधीजींना तसे कळवलेही होते. आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे बाबू गेनू आडवा पडला आणि चिरडला गेला. तो स्वतः गिरणी कामगार होता. आमच्या आजोबांच्या पाकिटात त्याच्यावरचे वर्तमानपत्री कात्रण शेवटपर्यंत होते.

स्वदेशीच्या लाटेत इथल्या गिरण्यांनी काय केले? तिकीट सोडले नाही. चित्र बदलले. भारतमाता आली, चरखा आला, पुढाऱ्यांचे चेहरे आले. बाजार वाचण्याची लोकांची रीत तीच राहिली, फक्त आता छाप मागताना गिऱ्हाईक आपली बाजूही सांगू लागले. यात गिरणीवाल्यांचे देशप्रेम किती आणि धंदा किती, हे मोजत बसण्यात मला रस नाही. इथल्या गिरणी-कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के अबकारी होता आणि तो जायला १९२५ची अखेर उजाडली. विलायती मालाविरुद्धचा राग त्यांच्या खिशालाही खराच होता.

चित्रकारांचे या कागदांकडे लक्ष जायला आणखी काही दशके जावी लागली. मुंबईत वाढलेल्या भूपेन खख्खरांनी १९६५च्या सुमारास बाजारात मिळणारी देवांची छापील चित्रे कापून आपल्या चित्रांत डकवली. अतुल दोडिया यांनी दुकानाचे लोखंडी शटर हाच कॅनव्हास केला. त्यांच्या २००२ मधल्या ‘महालक्ष्मी’ या कलाकृतीत बाहेरच्या शटरवर कॅलेंडरातली लक्ष्मी आहे. शटर वर सरकवले की आत गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. आईबापांवर हुंड्याचा भार नको म्हणून जीव दिलेल्या मुलींची ती बातमी होती. बाजार आणि देवी यांच्यावर पुष्कळ कला झाली आहे आणि त्यातली बरीचशी मला उपरोधाच्या पलीकडे जाताना दिसत नाही. हे शटर मात्र मला आमच्या तसबिरीची आठवण करून देते. पुढून एक, मागून दुसरेच.

आता या तिकिटांचाच बाजार झाला आहे. बंगळुरूच्या कला आणि छायाचित्रण संग्रहालयात नुकतेच त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. मुंबईत चोर बाजारातही ती मिळतात, बहुतेक पारदर्शक पिशवीत घालून. तिथल्या एका विक्रेत्याला मी मोबाइलवर आमच्या लक्ष्मीचा फोटो दाखवला. त्याने भाव सांगितला आणि वर म्हणाला, “काजळी आहे म्हणून कमी. कोरी असती तर दुप्पट दिले असते.”

ही सगळी हकिगत मी माझ्या थोरल्या आत्याला सांगितली. ती आता नव्वदीला टेकली आहे. मला वाटले होते तिला धक्का बसेल. ती म्हणाली, “अरे, दादांना माहीत होतं की! होळीला कापड द्यायचं ठरलं तेव्हा आईनं लुगडी काढून दिली. त्याआधी रात्री बसून पाण्याचा हात लावून तिकीट सोडवलं. दादांनी पाहिलं आणि म्हणाले, लुगडं दिलंस ना, मग झालं.”

“आणि मँचेस्टर हे नाव?”

“ते चौकटीखाली जाईल असं बघून दादांनीच सुताराकडून चौकट करून आणली. पुढच्या लक्ष्मीपूजनाच्या आधी ती पुन्हा बसव. काच जरा जाड घाल या वेळी.”