एकट्याच्या जिवावर हसवणारी माणसं : पैठणच्या भारुडापासून मोबाइलवरच्या स्टँडअपपर्यंत

छत्रपती संभाजीनगर : गावची जत्रा असो, गणपती असो की कॉलेजचं गॅदरिंग, एक माणूस माइक घेऊन उभा राहतो आणि दीड-दोन तास पब्लिक पोट धरून हसते. आता त्याला स्टँडअप कॉमेडी म्हणतात. मोबाइल उघडला की रोज एखादी नवी क्लिप समोर येते. त्यामुळं हा प्रकार पुण्या-मुंबईहून आला असं बऱ्याच जणांना वाटतं. पण गावोगाव फिरून एकट्यानं लोकांना हसवण्याचं काम आपल्या जिल्ह्यात फार जुनं आहे. आणि या कलेतला मराठीतला सर्वांत गाजलेला प्रयोग याच शहरातल्या एका प्राध्यापकानं, मराठवाड्याच्या गावरान बोलीत केला. ही माणसं कोण, त्यांची तऱ्हा काय आणि त्यांचं पोट कशावर चालतं, त्याची ही माहिती.

सुरुवात पैठणपासून

सोळाव्या शतकात पैठणच्या संत एकनाथांनी भारुडं लिहिली. विंचू, जोशी, वासुदेव, बुरगुंडा अशी सोंगं घेऊन भारूड करणारा लोकांसमोर येतो. आधी हसवतो, मग हळूच कान धरतो. ढोंगी बुवा, लोभी माणूस, घरातली भांडणं, सगळ्यांवर टोला असतो. समोरच्या माणसाशी थेट बोलायचं, त्याला मधेच प्रश्न विचारायचा, त्याच्या उत्तरावरून पुढचा विनोद काढायचा, हे आजचे कॉमेडियन करतात ते भारुडात आधीपासून आहे.

सिल्लोड तालुक्यातले निरंजन भाकरे यांनी हे भारूड आपल्या काळापर्यंत आणलं. त्यांचा बुरगुंडा पाहिलेली माणसं आजही गावोगाव भेटतील. व्यसन, अंधश्रद्धा, मुलीचा जीव असे विषय त्यांनी हसत-खेळत लोकांच्या गळी उतरवले. २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत ते गेले. पंढरपूरच्या चंदाबाई तिवाडी यांनीही भारूड मोठ्या मंचावर नेलं. हे काम बाईमाणसाचं नाही, असं म्हणणाऱ्यांना त्यांचं नाव पुरेसं आहे.

तमाशातला सोंगाड्या

दुसरी वाट तमाशाची. गण, गवळण, बतावणी आणि वग अशी त्याची मांडणी. यात सोंगाड्याचं काम सगळ्यात अवघड. राजा समोर असला तरी त्याची खिल्ली उडवायची, आणि ज्या गावात तंबू लागलाय तिथली ताजी गोष्ट वगात बेमालूम घुसवायची. हे लिहून देता येत नाही, जागेवरच सुचावं लागतं.

सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे काळू-बाळू म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. दोघं इतके सारखे दिसायचे की स्टेजवर उभे राहिले तरी हशा सुरू व्हायचा. 'जहरी प्याला' या वगातले त्यांचे हवालदार महाराष्ट्रभर गाजले. दादा कोंडके चित्रपटात गेले ते याच ढंगाच्या लोकनाट्यातून. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'नं त्यांना नाव दिलं, चित्रपट नंतर आले.

या फडांचा हिशेब आजही वेगळा आहे. पाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथं जाऊन आपल्या जत्रेची सुपारी ठरवतात. त्या दिवसांत जो धंदा होतो, त्यावर फडाच्या वर्षाची बरीच मदार असते.

लक्ष्मण देशपांडे : ५२ माणसं, एक अंग

आता आपल्या शहराकडं येऊ. प्रा. लक्ष्मण देशपांडे (१९४३-२००९) हे इथल्या मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. त्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' लिहिलं आणि स्वतःच सादर केलं. गोष्ट साधी आहे. गावाकडच्या पोराचं लग्न लंडनमधल्या गोऱ्या मुलीशी ठरतं आणि अख्खं वऱ्हाड लंडनला निघतं. निघण्याची गडबड, रुसवे-फुगवे, विमान, परका मुलुख आणि त्यात आपली गावाकडची माणसं.

यातली ५२ पात्रं ते एकटे उभी करायचे. म्हातारा, म्हातारी, पोरगं, नवरदेव, विमानातली बाई, गोरा साहेब. दर वेळी नवा वेश नाही, सोबतीला दुसरा नट नाही. मान थोडी वाकली की म्हातारा, आवाज थोडा चढला की पोरगं. तीन तासांच्या आसपास हा खेळ चालायचा. खेड्यातल्या शाळेच्या पटांगणापासून परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांपर्यंत त्याचे प्रयोग झाले, गिनीज बुकात नोंद झाली.

यापूर्वीही मराठीत एकपात्री होतं. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ पासून 'बटाट्याची चाळ' एकट्यानं सादर करून ही वाट रुंद केली होती. पण ती चाळ मुंबईची, माणसं शहरी मध्यमवर्गातली. लक्ष्मण देशपांडे यांनी स्टेजवर आणली ती मराठवाड्यातल्या खेड्यातली माणसं आणि त्यांची बोली. 'काय करायलास', 'कामून', 'गेलतो', 'आलतो' असं बोलणाऱ्या पोराला तेव्हा शहरात कुणी जवळ करत नव्हतं. कॉलेजात, हापिसात, मुलाखतीत तो गप्प बसायचा, कारण तोंड उघडलं की लोक हसायचे. नाटकात असा माणूस असलाच तर तो गडी किंवा नोकर.

'वऱ्हाड'मध्येही लोक हसलेच, पण त्या हसण्याची दिशा बदलली. गावाकडचा माणूस विमानात गोंधळतो तेव्हा हसू येतं, पण तो मूर्ख वाटत नाही. त्याचा भाबडेपणा, माया, हट्ट सगळं आपल्या घरातलं वाटतं. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकानं तिकीट काढून ही बोली ऐकली. जिची लाज वाटायची, तिच्यावर हाउसफुल्लचा बोर्ड लागला.

पुढं मकरंद अनासपुरे यांनी हीच मराठवाडी बोली चित्रपटात नायकाच्या तोंडी नेली. आणि लक्ष्मण देशपांडे यांच्या माघारी 'वऱ्हाड' थांबलं नाही. मूळचे बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे अभिनेते संदीप पाठक यांनी ते पुन्हा उभं केलं.

कवितेतून हसवणारे

आपल्याकडं हास्यकवींचीही मोठी परंपरा आहे. जामखेडचे रामदास फुटाणे म्हणजे 'सामना' चित्रपटाचे निर्माते. त्यांनी राजकारणावरच्या वात्रटिका घेऊन महाराष्ट्र पिंजून काढला. चार-सहा ओळी, शेवटच्या ओळीत चिमटा. विदर्भातल्या डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांनी 'मिर्झा एक्सप्रेस' नावानं वऱ्हाडी बोलीत गावंच्या गावं हसवली. शेतकऱ्याचं दुःख आणि विनोद ते एकाच दमात सांगायचे.

आताचे स्टँडअपवाले

२००५ मध्ये टीव्हीवरच्या 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचे सुनील पाल जिंकले. लहान गावातला पोरगाही यावर पोट भरू शकतो, हे घराघरात दिसलं. मराठीत 'चला हवा येऊ द्या' आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आल्या, पण ती मंडळी मिळून प्रहसन करणारी. एकट्यानं माइकवर बोलण्याची नवी लाट यूट्यूबवरून आली. 'भाडिपा'सारख्या चॅनेलनं मराठी स्टँडअपला तरुण प्रेक्षक मिळवून दिला.

यांची तऱ्हा वेगळी. सोंग नाही, पात्र नाही. 'मी', 'माझी आई', 'माझी नोकरी', 'माझं लग्न' असं स्वतःबद्दल बोलायचं. सुरुवात होते ओपन माइकपासून, म्हणजे नवख्याला पाच मिनिटं फुकट मंच. तीच पाच मिनिटं अनेक वेळा घासायची. न हसलेलं वाक्य काढून टाकायचं. असं करत तासाभराचा ऐवज तयार झाला की तिकीट लावून शहरोशहरी फिरायचं. क्लिप ही जाहिरात असते. पैसा मुख्यतः प्रयोगातून, कंपन्यांच्या कार्यक्रमांतून आणि जाहिरातीतून येतो.

एक अडचण मात्र नवी आहे. सोंगाड्या एकच वग वर्षानुवर्षं करू शकायचा, कारण पुढच्या गावानं तो पाहिलेला नसायचा. आज विनोद यूट्यूबवर टाकला की जुना झाला. म्हणून बरेच जण मुख्य कार्यक्रम जपून ठेवतात आणि प्रेक्षकांशी झालेली गंमत तेवढी क्लिपमध्ये टाकतात.

चारही तऱ्हा एका नजरेत

- भारूड : सोंग, गाणं, शेवटी उपदेश. मंच म्हणजे देऊळ, सप्ताह, जत्रा.
- सोंगाड्या : हजरजबाबीपणा, सत्तेची खिल्ली. मंच म्हणजे तंबू. पैसा सुपारी किंवा तिकीट.
- एकपात्री : एक गोष्ट, अनेक पात्रं, आवाज आणि अंगाचा अभिनय. मंच म्हणजे नाट्यगृह, शाळा, व्याख्यानमाला.
- स्टँडअप : स्वतःचा अनुभव, छोटे छोटे विनोद. मंच म्हणजे छोटा हॉल, कॉलेज, मोबाइल.

गावात असा कार्यक्रम ठेवायचा असेल तर

मंडळांनी आणि जत्रा कमिटीनं एवढं पाळलं तरी कार्यक्रम रंगतो :

१. मानधन, गाडीभाडं, जेवण-मुक्काम आधीच ठरवा आणि लिहून घ्या. थोडी रक्कम आगाऊ द्या.
२. साउंड चांगला घ्या. विनोदात एक शब्द ऐकू आला नाही तरी हसू जातं. जनरेटर लांब ठेवा.
३. सत्काराची भाषणं कार्यक्रमाच्या मधे घुसवू नका. लोक उठले की पुन्हा बसत नाहीत.
४. बायका आणि पोरं समोर असणार का, ते कलावंताला आधी सांगा. तो त्याप्रमाणे बोलतो.
५. पूर्ण कार्यक्रम रेकॉर्ड करून फॉरवर्ड करू नका. तुमच्यासाठी तो टाइमपास, त्याच्यासाठी तेच पुढच्या गावचं पोट.

तुमच्या घरातलं पोरगं या वाटेला चाललं असेल तर

आपल्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे. युवक महोत्सवात मूकअभिनय, नक्कल, एकांकिका करता येतात. आपल्या भागातली कितीतरी नटमंडळी तिथूनच पुढं गेली. पण सुरुवातीची वर्षं कमाई नसते, हे घरच्यांनी समजून घ्यावं. लक्ष्मण देशपांडे यांनीही मास्तरकी सोडून नव्हे, ती सांभाळून प्रयोग केले. हाताला दुसरं काम असलं की विनोद करताना कुणाची हांजी हांजी करावी लागत नाही.

आणि भाषा बदलू नका. मोबाइलवर पाहून पोरं पुण्या-मुंबईची मराठी आणि अर्धी हिंदी बोलायला लागतात, त्यांना वाटतं त्याशिवाय हसवता येत नाही. दुसरं टोकही तितकंच वाईट. गावाकडची बोली फक्त येडपटाच्या तोंडी घालून फुकटचा हशा मिळवणं. नाथांनी भारुडं लिहिली ती पैठणच्या बाजारात, वाड्यावस्तीवर बोलल्या जाणाऱ्या भाषेत. देशपांडे सरांचं वऱ्हाड लंडनला गेलं ते याच बोलीत. पुढच्या वेळी गावात कुणी माइक हातात घेऊन उभं राहिलं की एवढंच बघा, तो आपल्याला हसतोय की आपल्यासोबत हसतोय. टाळी कुणाला द्यायची ते मग आपोआप कळतं.