भंगारातील तार आणि सोनाराचा हात

आपल्या सोनार ज्ञातीचा इतिहास लिहावयाचा तर सोन्यापासून आरंभ करावा, असा संकेत आहे. आम्ही तो मोडीत आहोत, याबद्दल ज्ञातिबांधवांनी क्षमा करावी. डोळखांबच्या परिसरातील ठाकूर, महादेव कोळी व कुणबी कुटुंबांत सोने घडविण्याचे प्रसंग ते किती येणार? आमच्या पूर्वजांची शेगडी पेटती राहिली ती चांदीवर, आणि चांदी येई ती नाण्यांतून.

इंग्रजी अमदानीतील रुपया वजनाने एक तोळा, आणि त्याच्या बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. भात विकून आलेले रुपये गिऱ्हाईक सोनारापुढे ठेवी. तेच मुशीत जाऊन वाळे, तोडे, गोठ होऊन बाहेर येत. १९४० साली युद्धामुळे रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. १९४३ पासून निघालेला भोकाचा पैसा तर आयताच ओवण्याजोगा. काळ्या दोऱ्यातले तसे पैसे मुलांच्या गळ्यांत आम्ही लहानपणी पाहिले आहेत. (कोणी तो बोल्टाखाली चकती म्हणून घालीत, ही गोष्ट निराळी.)

खरी परीक्षा झाली ती १९६३ साली. चीनच्या युद्धानंतर, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले व चौदा कॅरटहून अधिक कसाचा नवा दागिना घडविण्यास बंदी झाली. चोवीस भागांत चौदाच भाग सोने! त्याला सोने म्हणावयास बायका तयार होईनात. देशभर ऐरणी थंडावल्या. कित्येकांनी जीव दिला.

आमचे तीर्थरूप त्या दिवसांत भाताच्या गिरणीतील जळलेल्या मोटारीची तांब्याची तार भंगारातून वजनावर आणीत. ती शेगडीत भाजून वरचे रोगण जाळावयाचे, चिंचेच्या पाण्यात उजळावयाची. तापवून पाण्यात विझविली की तार मऊ पडते. मग तिला चार पदरी पीळ द्यावयाचा. हातोडीखाली ती पुन्हा ताठ होई, आणि कडे आकार सोडीत नसे. बारीक तार हवी असल्यास जंतरातून ओढीत. कडी तांब्याची आहेत, असे सांगूनच विकीत. तथापि ज्ञातीतील कोणी दारात दिसले की ती टोपलीखाली जात! आमच्या आजोबांनी तर ‘हे कासाराचे काम’ म्हणून मुलाशी बोलणे टाकले होते. कासाराच्या कामात कमीपणा कोणता, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. घरचे मीठमिरची त्या तारेवर चालले, असे मातोश्री सांगत, आजोबांच्या ताटातलेही.

१९६६ साली चौदा कॅरटची अट उठली. नियंत्रणाचा कायदा मात्र १९६८ साली नव्याने होऊन १९९० पर्यंत राहिला. तीर्थरूप सोन्याकडे वळले; तरी तांब्याची कडी मागणारी गिऱ्हाइके पुढेही येत, आणि मग टोपली लागेनाशी झाली.

आमची नात कल्याणास मोडक्या घड्याळांची चक्रे व जुन्या तारा यांची कर्णभूषणे करते. गेल्या दिवाळीत तिने ते जंतर मागून नेले. त्याची मधली दोन छिद्रे झिजून मोठी झाली आहेत.